एकदाच मोजलेली बाटली

तिचं खरं नाव दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या परवान्यावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती दोनदाबाई. म्हातारे गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचे, तरणे पाठीमागे म्हणायचे, आणि मालक फोनवर चुकून म्हणून जायचे आणि मग खोकायचे.

नाव पडलं त्याला कारण तिची मोजायची तऱ्हा. काउंटरवर हिरवा ट्रे, हातात बोथट पट्टी. गोळ्या ट्रेवर ओतायच्या, पाच-पाचचे पुंजके करत डावीकडे सारायच्या, ओठ हलवत. तीस झाल्या? झाल्या. मग सगळे पुंजके मोडून टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही वेळा आकडा जुळला, की लेबलवर तो आकडा लिहून त्याच्यापुढे बरोबरच्या दोन बारीक खुणा. सतरा वर्षांत दोन आकडे वेगळे असे कधी आलेच नव्हते.

"मग दुसऱ्यांदा मोजता कशाला हो?" कुणीतरी विचारायचंच.

"पहिल्यांदा बरोबर मोजलं होतं हे कळायला."

एवढ्यावर सुटका नव्हती. गिऱ्हाइकाला औषध कसं घ्यायचं ते सांगायची आणि लगेच परीक्षा. "सकाळी एक, रात्री एक, पोटात अन्न असताना. काय सांगितलं? सांगा बघू." मोठमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी धडा म्हणून दाखवायची. एक निवृत्त मास्तर तर म्हणाले होते, "बाई, तुमच्याकडून गोळी हातात पडेपर्यंत दुखणं कंटाळून निघून जातं." ती हसली नाही. त्यांचीही परीक्षा घेतली.

हसणारी होती ती तिची धाकटी बहीण. बारकी. घरात सगळ्यांत लहान म्हणून बारकी, आणि चाळिशीला टेकली तरी बारकीच. बारकी एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून मशीनमध्ये घालायचे, मशीनमधून काढायचे. दोन वर्षांपूर्वी एक गठ्ठा उचलताना तिची कंबर जी लचकली, ती पुन्हा धड झालीच नाही. नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दर रविवारी ती ताईकडे जेवायला यायची आणि दारातूनच ओरडायची, "दोनदा ताई, एकदा तरी जेवायला वाढ!"

ताईने लग्न केलं नव्हतं. आईचं आजारपण लांबलं, ते तिने एकटीने काढलं, आणि आई गेल्यावर तीन जिने वरच्या त्याच दोन खोल्यांत ती एकटी राहिली. त्या घराची दुसरी किल्ली बारकीकडे.

सरकारचा नवा नियम आला तो आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी. दुखण्यावरच्या कडक गोळ्यांनी माणसं मरायला लागली होती. चोर-गर्दुल्ले नव्हेत. चिठ्ठी घेऊन येणारी, रांगेत उभी राहणारी, 'बाई, पाऊस थांबला का हो' विचारणारी माणसं. तेव्हा सरकारने प्रत्येक दुकानात तीन गोष्टी पाठवल्या. एक स्क्रीन: कडक गोळी देण्याआधी माणसाचं नाव घालायचं, मग त्याने कुठल्या डॉक्टरकडून, कुठल्या दुकानातून किती घेतल्या ते दिसतं, आणि जास्त झाल्या असतील तर वर लाल पट्टी येते. दुसरी, एक लोखंडी पेटी: घरात उरलेली औषधं लोकांनी त्यात आणून टाकायची. तिसरी, नाकात मारायचा एक फवारा: जास्त गोळ्यांनी श्वास बंद पडायला लागला तर तो परत आणणारा. तो मागेल त्याला फुकट द्यायचा.

प्रशिक्षणाला गावातले सगळे दुकानवाले गोळा केले होते. सरकारी साहेबांनी काठीने पडद्यावर दाखवलं. "लाल पट्टी आली, की गोळी नाही. सोपं आहे."

दोनदाबाईने हात वर केला. "मग त्याला काय द्यायचं?"

"कुणाला?"

"ज्याला गोळी नाही त्याला. तो समोर उभा असतो, साहेब. त्याला काय द्यायचं?"

"ते आजच्या विषयात नाही."

सवयीप्रमाणे तिने दुसऱ्यांदा विचारलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी पुढचं चित्र लावलं. त्यात स्क्रीनवर उगाच डोकावणाऱ्यांना दम होता: समोर माणूस आणि हातात चिठ्ठी असेल तरच नाव घालायचं. प्रत्येक बघण्याची नोंद होते. शेजारणीचं, सासूचं, नवऱ्याचं बघितलंत, तर परवाना गेला.

पहिल्याच आठवड्यात सुतार आला. दुकानातले सगळे खण त्यानेच केलेले, आत ढकलले की आवाज न करता बसणारे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं. चिठ्ठी दिली, तिने नाव घातलं, वर लाल पट्टी. तीन डॉक्टर, चार दुकानं.

"नाही देता येणार," ती म्हणाली.

सुताराने मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं. "दोनदा बघा ना, बाई. तुम्ही तर सगळं दोनदा बघता."

तिने खरंच दोनदा बघितलं. पट्टी लालच होती. "बरं," तो म्हणाला, आणि जाता जाता एक खण अर्धवट उघडा होता, तो त्याने तळहाताने आत सारला.

अकरा दिवसांनी त्याची बायको आली. हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं. "पेटीत टाकायच्यात. ह्यांच्या आहेत. आता लागणार नाहीत." कुणाकडून तरी काहीतरी घेतलं होतं त्याने, स्टेशनमागे, बिनलेबलाचं. तिला रडू येत नव्हतं, ती नुसती काउंटरची कड चाचपत होती, नवऱ्याने घासून गुळगुळीत केलेली.

नियमाने दोनदाबाईची काही चूक नव्हती. मालकांनी सांगितलं, साहेबांनी फोनवर सांगितलं. पण त्या दिवसापासून 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा म्हटलं की ती स्क्रीनवरची पट्टी तिसऱ्यांदा बघायची. दिली तर मरेल, नाही दिली तर मरेल. आणि तो मरेल कधी, कुठे, हे तिला अकरा दिवसांनी कळणार, पाकिटं घेऊन कुणी आलं तर.

आता त्या बाटलीचं.

आईच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची ती बाटली, दुकानातल्या कुठल्याही गोळ्यांपेक्षा कडक. आई जायच्या आदल्या दुपारी ताईने ताटलीत ओतून त्या मोजल्या होत्या. आई जागी होती. ओठ हलवत तीही मोजायला लागली, लेकीच्या बरोबरीने.

"एकेचाळीस," ताई म्हणाली. "बरोबर?"

"तू म्हणतेस तर बरोबर."

"असं नाही. दुसऱ्यांदा मोजू."

"मोज," आई म्हणाली. आणि दुसऱ्यांदाही तिने शेवटपर्यंत साथ दिली, डोळे मिटून, फक्त ओठांनी. ताईने लेबलवर लिहिलं: ४१. पुढे बरोबरच्या दोन खुणा. त्यानंतर त्यातली एकही लागली नाही.

लोखंडी पेटी दुकानात बसली त्या सकाळी मालक म्हणाले, "सुरुवात आपल्यापासून. सगळ्यांनी घरचं उरलेलं आणा." मालकांनी स्वतः सासऱ्यांचं अर्धं औषधांचं कपाटच आणलं. दोनदाबाईने आईचं खोकल्याचं औषध आणलं, कानात घालायचे थेंब आणले, मलम आणलं.

"एवढंच?" मालकांनी विचारलं.

"एवढंच."

मालक हसले. "तुमच्या पद्धतीने दुसऱ्यांदा विचारतो हं. एवढंच ना?"

"एवढंच."

बाटली आईच्या कपाटात, आईच्या चष्म्याशेजारी होती. उद्या नेऊ, असं ती आठ महिने म्हणत होती. गावभरच्या लोकांना ती रोज बजावत होती, 'घरात ठेवू नका, कुणाच्या हाताला लागेल सांगता येत नाही.' आणि आपल्याच घरातल्या त्या कपाटाकडे न बघता शेजारून जात होती. उघडून मोजायचं धाडस होत नव्हतं. आईशिवाय मोजलं, तर आईबरोबरचं मोजणं शेवटचं राहिलं नसतं.

रविवारी जेवताना बारकीचे डोळे मिटायला लागले. घास हातात, हात ताटात, मान खाली.

"बारके!"

"अं? ऐकतेय."

"मी काही बोललेच नाही."

"मग काय, बरोबरच ऐकतेय!" बारकी हसली. पण हसू पूर्वीसारखं सगळ्या तोंडभर पसरलं नाही. मग ती मोरीत हात धुवायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

सोमवारी दुकानात कुणी नसताना ताईने स्क्रीनवर बहिणीच्या नावाची पहिली तीन अक्षरं घातली. प्रत्येक बघण्याची नोंद होते. तिने एकेक अक्षर पुसलं, आणि मग रुमालाने कीबोर्डही पुसला, जसं काही त्यावर दिसणार होतं.

मंगळवारी साडेअकराला दाराची घंटी वाजली आणि बारकी आत आली.

ती ह्या दुकानात औषधाला कधीच यायची नाही. "तुझी परीक्षा कोण देणार, मी नापास मुलगी," म्हणायची. आज कामाचे कपडे अंगावर होते, पण कामाची वेळ असून ती इथे. कपाळावर घाम, आणि जांभया. एकामागून एक जांभया. दोनदाबाईने अशा जांभया खूप बघितल्या होत्या. गोळी थांबली की अंग असं वागायला लागतं.

बारकीने चिठ्ठी काउंटरवर ठेवली, वरून बोट दाबून धरलं. "दे पटकन. मोजू नकोस."

"हा कुठला डॉक्टर?"

"माणसांचा."

"बारके."

"कंबरेचा आहे गं. नवीन आहे. ताई, नाव नको घालूस. मी तुझी बहीण आहे, स्क्रीनला काय माहीत माझ्याबद्दल? तुला माहीत आहे ना सगळं?"

"घालावं लागतं."

"बघू नकोस." आता बारकी हसत नव्हती. "ताई, मी सांगतेय, बघू नकोस. तू बघितलंस की ते खरं होईल."

दोनदाबाईने नाव घातलं. आता समोर माणूस होता, हातात चिठ्ठी होती, आता बघायची मुभा होती. लाल पट्टी आली. खाली यादी. पाच डॉक्टर. सहा दुकानं. गेल्या महिन्यात दोन ठिकाणी नकार. शेवटची नोंद शुक्रवारची, तीही नकारच. सगळं तिच्याच गावातलं, तिच्या दुकानाला वळसा घालून गेलेलं.

"किती दिवसांपासून?"

"परीक्षा सुरू झाली का?"

"बारके, किती दिवसांपासून?"

"दोनदा विचारलंस. झालं. आता दे."

दोनदाबाईच्या डोळ्यांपुढे अर्धं बोट आलं, खण आत सारणारं. तरी ती म्हणाली, "नाही देता येणार." आणि लगेच, एका श्वासात, "पण जाऊ नकोस. बस तिथे. मी डॉक्टरांना फोन लावते, एक दवाखाना आहे, तिथे हळूहळू सोडवतात, रोज सकाळी औषध देतात, मी येते तुझ्याबरोबर, एक वाजता सुट्टी होईल, तोवर—"

"कुठे बसू?" बारकीने आजूबाजूला बघितलं. काउंटरच्या बाहेर बसायला काहीच नव्हतं. "बघ. तुझ्या दुकानात बसायला जागासुद्धा नाही."

"आत ये."

"आत औषधं आहेत, ताई. मला आत घेशील?" ताईची नजर आतल्या खणांकडे गेली, अर्धा क्षण. बारकीला तेवढा पुरला. तिने चिठ्ठी उचलली, चार घड्या घातल्या. "असू दे. मी घरी जाते. आईचं घर तरी उघडं आहे ना मला?"

"आहे गं. जा, पड जरा. मी येतेच."

हे ती स्वतःच म्हणाली. जा, पड जरा. पुढे कितीतरी दिवस तिला तेच शब्द ऐकू येत राहिले.

घंटी वाजली. बारकी गेली. दोनदाबाईने चिठ्ठीवरच्या डॉक्टरला फोन लावला, तो पाऊण तासाने लागला. डॉक्टर घाईत होता. "कळवलंत ते बरं केलंत. बंद करून टाकतो तिचं."

"बंद नका करू. बोलवा तिला. आजच बोलवा."

"बाई, माझ्याकडे तीन आठवडे जागा नाही."

तेवढ्यात एक आजोबा पोटाच्या गोळ्या न्यायला आले. तिने ट्रे ओढला. पाच, दहा, पंधरा. तीस. पुंजके मोडले. पाच, दहा, पंधरा. एकोणतीस.

ती ट्रेकडे बघत राहिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा आकडे जुळले नव्हते. आजोबा म्हणाले, "काय झालं, बाई?" तिला ते ऐकूच आलं नाही. मोजणं चुकलं, आणि मोजण्याच्या फटीतून ती बाटली दिसली. कपाट. चष्मा. ४१. दुसरी किल्ली. जा, पड जरा.

तिने खणातून दोन फवारे उचलले.

"बाई, काउंटर!" मालक आतून ओरडले.

"तुम्ही बघा!"

पांढऱ्या कोटातच ती रस्त्यावर आली. एरवी अकरा मिनिटांची वाट. बस समोरून निघून गेली. लोक वळून बघत होते, कुणी ओळखीचं हसलं, "बाई, आज पळत?" तिला धाप लागली, एका पायातली चप्पल तुटली, ती तिने तिथेच टाकली. डोक्यात आपोआप हिशेब चालू होता आणि तो थांबवता येत नव्हता. निघून किती वेळ झाला. चालायला किती. कपाट उघडायला किती. गोळी पोटात विरघळायला किती. फोनवर मी किती वेळ घालवला. तीन आठवडे जागा नाही, हे ऐकायला किती वेळ घालवला.

तीन जिने. दाराला बाहेरून किल्ली लटकत होती. आत नळ चालू.

"बारके!"

उत्तर आलं ते घोरण्याचं. आईच्या खुर्चीत बारकी बसली होती, हनुवटी छातीवर, हात मांडीवर. कुणालाही वाटलं असतं, थकली बिचारी, झोप लागली. प्रशिक्षणात ह्याच घोरण्याचा आवाज ऐकवला होता. घरचे लोक म्हणतात झोपू द्या, आणि दार ओढून घेतात. स्टुलावर पाण्याचा पेला, शेजारी बाटली, झाकण उघडं.

"बारके! ए बारके!" तिने खांदे गदागदा हलवले, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी रगडलं. काही नाही. ओठांचा रंग जुन्या शाईसारखा. तिचे हात कामाला लागले होते. बहिणीला खुर्चीतून ओढून जमिनीवर उताणं घेतलं. मान मागे. नाकपुडीत फवारा, दाबला. दुसऱ्या हाताने फोन लावून जमिनीवर ठेवला.

"रुग्णवाहिका. काय झालंय?" बाईचा आवाज, शांत.

"जास्त गोळ्या. बहीण. एक फवारा दिलाय आत्ता."

"श्वास चालू आहे का?"

"आहे. अर्ध्या मिनिटात दोन."

"नक्की?"

"मी मोजलेत!"

"ठीक आहे, ताई. नाक बंद करा, तोंडाने श्वास द्या. पाच सेकंदांना एक. गाडी निघाली आहे. मी फोनवर आहे."

दोनदाबाई वाकली. बहिणीच्या तोंडाला औषधाचा कडू वास होता. एक. छाती वर आली, खाली गेली. पाचपर्यंत आकडे. दोन. लहानपणी तापात हिला मांडीवर घेऊन आई अशीच मोजत बसायची, थर्मामीटर काखेत आहे तोवर. तीन. नळ चालूच होता. चार. भीती आता खोलीभर होती, भिंतीएवढी, आणि ह्या दोघी तिच्या आत होत्या. बत्तीस. तेहेतीस. चौतीस.

"ताई, बदल आहे का काही?"

"नाही." तोच शब्द. "नाही, नाही, नाही."

"तीन मिनिटं होत आली. दुसरा फवारा आहे?"

होता. सवयीने दोन उचलले होते. तिने दुसऱ्या नाकपुडीत दाबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. एक. दोन. तीन. सातव्याला बारकीच्या घशातून फाटल्यासारखा आवाज आला. तिने स्वतःहून हवा आत ओढली, एकदा, मग खूप वेळाने दुसऱ्यांदा, मग खोकत, ओकत, हातपाय झाडत. ताईने तिला कुशीवर वळवलं आणि धरून ठेवलं.

"कशाला उठवलंस?" बारकीचे पहिले शब्द. दात वाजत होते. "थंडी वाजतेय. सोड मला."

"नाही सोडणार."

"सोड गं, बये!"

"नाही."

जिन्यावर पावलं वाजली. माणसं आली, स्ट्रेचर आला. त्यातला एक म्हणाला, "फवाऱ्याचा जोर उतरला की परत झोपू शकते. डोळ्यांआड करू नका." ते वाक्य पुढे महिनोन्‌महिने दोनदाबाईच्या मानेवर बसून राहिलं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर बारकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताई शेजारी, एका पायात हॉस्पिटलची रबरी सपात.

"दोन महिन्यांपासून घेत होते त्यातल्या," बारकी भिंतीला म्हणाली. "दुकानांतून मिळेनाशा झाल्या तेव्हापासून. रविवारी मोरीत जायचे ना, त्याआधी कपाटात. एखादी. कधी अर्धी."

ताईने तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"लेबलवर तू आकडा लिहून ठेवला होतास. मी पहिली उचलली तेव्हा माझं धाबं दणाणलं होतं. म्हटलं, ही बया उद्याच मोजेल. चाळीस भरतील. मग मला धरेल, झोडपेल, कुठेतरी नेऊन टाकेल. दर रविवारी जिना चढताना वाटायचं, आज मोजलं असेल. दार उघडताना तुझं तोंड बघायचे." मग वळली. "शेंगदाणेसुद्धा दोनदा मोजशील तू. ही एकच बाटली एकदाच मोजून ठेवलीस."

"दोनदा मोजली होती. आईबरोबर."

"त्यानंतर, ताई."

त्यानंतर नाही.

"आजची चिठ्ठी," थोड्या वेळाने बारकी म्हणाली, "त्यातून काही परत बाटलीत टाकणार होते. रंग सारखाच आहे. एकेचाळीस पुरे करून ठेवणार होते. रविवारपासून हात लावला नव्हता बाटलीला." ती हसल्यासारखी झाली. "खरंच टाकल्या असत्या का, मला नाही माहीत. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मला खरंच नाही माहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बारकीजवळ एका नर्सला बसवून, नजर हलवणार नाही असं तिच्याकडून दोनदा कबूल करून घेऊन, दोनदाबाई दुकानात आली. कोटाच्या खिशातून बाटली काढून तिने मालकांसमोर ठेवली. मालकांनी लेबल वाचलं, आईचं नाव वाचलं, तारीख वाचली आणि चष्मा काढला.

"पेटीत टाकायचीय," ती म्हणाली. "फॉर्म द्या."

तिने ट्रे घेतला. पाच, दहा, पंधरा, एकोणीस. मोडलं. पाच, दहा, पंधरा, एकोणीस. आकडे जुळले. फॉर्मवर रकाना होता: लेबलवरील संख्या. त्याखाली: परत केलेली संख्या. त्याखाली: फरक असल्यास कारण.

"बाई," मालक हळू आवाजात म्हणाले, "लेबल भिजवून काढून टाका. एकोणीसच लिहा दोन्हीकडे. मी काही बघितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतंत."

"कधी?"

"पेटी आली त्या दिवशी. 'एवढंच ना?' दोनदा विचारलंत. मी दोनदा खोटं बोलले."

"अहो, परवाना जाईल तुमचा!"

"जाईल," ती म्हणाली. सतरा वर्षं, हा ट्रे, ही काउंटरची कड. तिने पेन उचललं. ४१. १९. कारणाच्या रकान्यात जागा थोडी होती. तिने लिहिलं: 'घरात ठेवली. पुन्हा मोजली नाही.' खाली सही. गोळ्या पेटीच्या फटीतून आत गेल्या तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. रिकामी बाटली तिने लेबलासकट फॉर्मला जोडली.

चौकशी अजून चालू आहे. साहेब दोनदा येऊन गेले. पोस्टमन दुकानात शिरला की मालक आधी तिच्याकडे बघतात, मग पत्राकडे. तोपर्यंत ती काम करते. काउंटरच्या बाहेर आता एक बाक आहे. सुताराच्या बायकोने घरातला आणून दिला, त्याच्या हातचा. लाल पट्टी आली की दोनदाबाई 'नाही' काउंटरमागून म्हणत नाही. बाहेर येते, बाकावर माणसाला बसवते, शेजारी बसते, आणि फोन फिरवत राहते, तीन आठवडे जागा नाही म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. रांग खोळंबते. मालक कुरकुरतात, बाक वाटेत येतो म्हणतात. उचलून मात्र कुणी ठेवत नाही. काही जण बसतात. काही जण न बसताच जातात. त्यांच्या हातात ती फवारा कोंबते, आणि मग अकरा दिवस घंटी वाजली की दचकते.

बारकी ताईकडेच राहायला आली. रोज सकाळी साडेसातला दोघी त्या दवाखान्यात जातात. तिथली बाई पेल्यात औषध देते, समोर प्यायला लावते, मग तोंड उघडून दाखवायला सांगते. पहिल्या दिवशी बारकीने ताईकडे बघून डोळा मारला. "तुझ्यापेक्षा कडक मास्तरीण सापडली." कधी कधी ती आठवडाभर बरी असते. एकदा दोन दिवस नाहीशी झाली होती. त्या दोन दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नाही.

सकाळी साडेपाचला, गजराआधी, ताईला जाग येते. ती अनवाणी आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. पांघरूण वर येतं, खाली जातं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती एक मिनिट मोजते. चौदा. कधी पंधरा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"चौदाच आहेत गं," पांघरुणातून आवाज येतो. "झोपू दे की आता."

"बोलू नकोस. चुकतं माझं."

पांघरूण गप्प होतं. वर येतं. ताई श्वास रोखून वाट बघते, ते खाली जाईपर्यंत.